हुपरीची चिठ्ठी, पुण्याचं सॉफ्टवेअर आणि आपल्या पोरांचे प्रोजेक्ट

परवा पुतणी कॉलेजातून आली ती तणतणतच. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सरांनी प्रोजेक्टचे गट पाडले ते हजेरी क्रमांकानुसार. एक ते चार पहिला गट, पाच ते आठ दुसरा. हिच्या गटातल्या एकाने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "तू कर सगळं, आम्ही झेरॉक्स आणि बायंडिंगचा खर्च करतो." पोरगी मला म्हणाली, "काका, एकीनं राबायचं आणि चौघांनी सह्या करायच्या, याला टीमवर्क म्हणायचं काय?"

मला उत्तर सुचलं नाही. माझं शिक्षण पत्रकारितेचा डिप्लोमा आणि संगणकातलं म्हणाल तर एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट. पण प्रश्न डोक्यात राहिला. महिनाभर वाचत होतो, ओळखीच्या पोरांना फोन करत होतो. त्यातून जे हाताला लागलं ते इथं लिहितोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

सुरुवात संगणकापासून न करता आपल्या गल्लीतून करतो.

हुपरीत एका छताखाली पैंजण जन्माला येत नाही. बाहेरून आलेल्या पाहुण्याला हे सांगितलं की तो चकित होतो. त्याला वाटतं, चांदीचं गाव म्हणजे मोठमोठे कारखाने असतील. इथं चांदी आटवणारा एक, टंच काढणारा दुसरा, तार ओढणारा तिसरा. कड्या कुठल्या तरी घरात तयार होतात, झाळकाम पलीकडच्या गल्लीत. घुंगरू बसवायला माल रेंदाळला किंवा यळगूडला जातो, कधी सीमा ओलांडून निपाणी भागातल्या एखाद्या गावात. मग घासणं, धुणं, पॉलिश. एक पैंजण सात-आठ उंबरे ओलांडून दुकानात पोचतो, आणि त्या सात-आठ घरांतली माणसं एकमेकांना ओळखतातच असं नाही.

हे चालतं कशावर? विश्वासावर चालतं असं आपण म्हणतो, पण ते अर्धं खरं आहे. ते चालतं चिठ्ठीवर. मालाबरोबर एक चिटोरा जातो. कोणाचा माल, वजन किती, टंच किती, कोणतं डिझाइन, कधी दिला. माल परत येताना पुन्हा वजन होतं, घट किती गेली ते मांडलं जातं. माझी आई पंचवीस-तीस वर्षं घरी बसून घुंगरू जोडायची. तिला लिहिता-वाचता जेमतेम येतं, पण चिठ्ठीशिवाय आलेला माल ती हातात धरायची नाही. "उद्या कमी भरला तर मी कुठनं भरू?" एवढाच तिचा युक्तिवाद.

हे लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता १९६८ सालात जाऊ. त्या वर्षी तीन गोष्टी घडल्या, तीन वेगवेगळ्या ठिकाणी. एप्रिल महिन्यात अमेरिकेतल्या डेटामेशन नावाच्या मासिकात मेल्विन कॉनवे नावाच्या संगणक प्रोग्रामरचा लेख आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की माणसं आपसात जशी बोलतात तशीच त्यांनी बनवलेली वस्तू होते. तीन गटांनी मिळून काम केलं तर तीन तुकड्यांचं सॉफ्टवेअर तयार होणार, आणि ज्या दोन गटांचं आपसात पटत नाही त्यांचे तुकडे एकमेकांना नीट जुळणार नाहीत. गंमत म्हणजे हा लेख त्यानं आधी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूला पाठवला होता. पुरावा नाही म्हणून त्यांनी परत केला. आज तोच विचार कॉनवेचा नियम म्हणून जगभर शिकवला जातो. (साभार परत आलेल्या लेखांचा गठ्ठा माझ्याकडेही आहे, पण त्यातला एकही अजून नियम झालेला नाही.)

त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीतल्या गार्मिश गावी नाटोच्या पुढाकारानं एक परिषद भरली. सॉफ्टवेअर वेळेत होत नाही, खर्चाचा अंदाज चुकतो, चुका निघत राहतात, यावर जगातले जाणकार तिथं डोकं धरून बसले होते. सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग हा शब्द रूढ झाला तो या परिषदेनंतर. आणि तिसरी गोष्ट आपल्या मुंबईतली. टाटांनी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू केली तीही १९६८ सालीच. पुढच्या वर्षी फकीरचंद कोहली तिथं आले आणि पुढची कित्येक वर्षं ती कंपनी त्यांच्या नावानं ओळखली गेली.

म्हणजे लांब राहून एकत्र काम करायचा हा धंदा आणि त्यातली मूळ अडचण, दोन्हींचा जन्म एकाच वर्षातला.

आपल्याकडं परिस्थिती काय होती? संगणक परदेशातून आणायचा तर सरकारची परवानगी, परकीय चलन, वर्षानुवर्षांची वाट. १९७३ साली मुंबईत अंधेरीला सीप्झ उभं राहिलं, निर्यातीसाठीचं वेगळं क्षेत्र. तिथं बसून परदेशासाठी काम करायचं ठरलं तरी प्रश्न राहतोच. गिऱ्हाईक अमेरिकेत, करणारा इथं. मधे समुद्र. फोन महाग, तोही लागेल तेव्हा खरा. मग काम सांगायचं कसं?

याचं एक उत्तर शोधलं नरेंद्र पटणींनी. अमेरिकेत एमआयटीत शिकलेला माणूस. भारतात काम पाठवून करून घेता येईल का, हे तपासायला त्यांनी एक प्रयोग केला तो स्वतःच्या भाड्याच्या घरात. एक खोली अमेरिका मानायची, दुसरी भारत. या खोलीतल्या माणसानं त्या खोलीतल्या माणसाशी तोंडानं बोलायचं नाही. जे सांगायचं ते लिहून द्यायचं. लिहिलेलं वाचून समोरच्याला काम जमलं पाहिजे. नाही जमलं तर दोष वाचणाऱ्याचा न मानता सूचना पुन्हा लिहायच्या.

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसूच आलं. नवरा-बायको एका घरात, आणि बोलायचं चिठ्ठीनं! मग आई आठवली आणि हसू गेलं. ही आपलीच चिठ्ठी की.

पुढचं तुम्हाला ठाऊक असेल. पटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये नारायण मूर्ती सॉफ्टवेअर विभागाचे प्रमुख होते. १९८१ साली ते आणि त्यांचे सहा सहकारी बाहेर पडले आणि पुण्यात इन्फोसिस सुरू झाली, दहा हजार रुपये भांडवलावर. कंपनी सॉफ्टवेअरची, पण स्वतःचा संगणक नाही! त्यामुळे पोरं विमानात बसून गिऱ्हाइकाकडं अमेरिकेला जायची आणि तिथं बसून काम करायची. १९८३ साली कंपनी बंगळूरला गेली. पुण्याच्या हातून काय निसटलं यावर लिहायला बसलो तर वेगळी पोस्ट होईल, ते सोडतो.

तार जोडली गेली ती हळूहळू. मुंबईच्या जुहूला १९८५ साली एनसीएसटी ही सरकारी संस्था झाली. १९८६-८७ च्या सुमारास एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेल जाऊ लागली. देशातल्या अर्नेट या शैक्षणिक जाळ्याची ती सुरुवात. आज जुहूहून पवईला जायला रिक्षानं जेवढा वेळ लागतो त्या मानानं ती मेल नक्कीच लवकर पोचत असेल. १९९० साली पुण्याला सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क आलं, उपग्रहाच्या जोडणीसह, आणि त्याच वर्षी आनंद देशपांड्यांनी पुण्यात पर्सिस्टंट सुरू केली. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सामान्य माणसासाठी इंटरनेट उघडलं. मग वाय-टू-के, मग हिंजवडी.

या सगळ्या काळात आपल्या भागातल्या कॉलेजांत काय शिकवलं जात होतं? प्रोग्रामिंगची भाषा. आणि ती एकट्यानं. परीक्षेला शेजारच्याकडं बघितलं तर कॉपी. बरोबरच आहे, परीक्षा परीक्षेच्या जागी. पण नोकरीला लागल्यावर पहिल्या दिवसापासून शेजारच्याचं बघूनच काम करायचं असतं, आणि तो शेजारी दुसऱ्या देशात बसलेला असतो. हे शिकवणार कोण?

याचं उत्तर जगात कोणी कोणी शोधलं ते बघताना मला सगळ्यात जास्त आवडला तो फ्रेड ब्रूक्स. आयबीएमच्या एका अवाढव्य सॉफ्टवेअरचा हा प्रमुख होता. काम उशिरा झालं आणि त्या अनुभवावर त्यानं १९७५ साली पुस्तक लिहिलं. त्यातलं सूत्र प्रसिद्ध आहे. रखडलेल्या कामावर आणखी माणसं घातली की ते आणखी रखडतं. कारण साधं गणित. चौघांच्या गटात जोड्या होतात सहा. आठ जण झाले की अठ्ठावीस. माणसं दुप्पट, बोलणं साडेचार पटीहून जास्त. याच ब्रूक्सनं १९८६ साली एक निबंध लिहिला, 'नो सिल्व्हर बुलेट'. चांदीची गोळी मारली की भूत मरतं असा त्यांच्याकडचा समज. सॉफ्टवेअरच्या भुतावर तशी गोळी नाही, असं त्याचं म्हणणं. हुपरीकरांनी याची नोंद घ्यावी, चांदीनं न सुटणारा प्रश्न जगात आहे!

पण मला तो आवडला तो वेगळ्या कारणासाठी. ब्रूक्स पुढं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात शिकवायला गेला. सॉफ्टवेअरची प्रयोगशाळा त्यानं वीसहून जास्त वेळा घेतली. विद्यार्थ्यांचे छोटे छोटे गट. आणि त्याचा आग्रह काय, तर गट चौघांचा असला तरी त्यात एक व्यवस्थापक ठरवा आणि आराखडा करणारा दुसरा ठरवा. दोन्ही कामं एकाकडं नकोत. चौघांच्या गटात एवढा सरंजाम कशाला, असं कुणालाही वाटेल. पण आपल्या मंडळांचे गणपती आठवा. वर्गणी, मूर्ती, मांडव आणि मिरवणूक हे सगळं एकच जण बघतो त्या मंडळात बाकीचे फक्त फोटोला असतात. पुतणीचा गट दुसरं काय आहे?

नंतरची पायरी म्हणजे गटच दोन देशांत ठेवायचा. १९९८ च्या सुमारास स्वीडनचं उप्साला विद्यापीठ आणि अमेरिकेतल्या मिशिगनचं ग्रँड व्हॅली स्टेट विद्यापीठ यांनी रुनस्टोन नावाचा प्रकल्प सुरू केला. सहा जणांचा गट, तिघं स्वीडनमध्ये, तिघं अमेरिकेत. घड्याळात सहा तासांचा फरक. काम काय दिलं होतं बघा. लहान मुलांचा एक खेळ असतो, लाकडी पाटावर भोकं असतात, पाट तिरका-तारका करत पोलादी गोळी भोकात न पाडता शेवटपर्यंत न्यायची. तो पाट मोटारीनं हलवायचा आणि लांबून, संगणकावरून चालवायचा. एवढंच. पण ते करताना पोरांना कळायचं की समोरच्या तिघांना आपण काय केलं ते लिहून कळवलं नाही तर गोळी पहिल्याच भोकात जाते.

२००३ साली स्वीडनचंच मेलारदालेन विद्यापीठ आणि क्रोएशियातलं झाग्रेब विद्यापीठ यांनी तर याचा रीतसर विषयच केला. डिस्ट्रिब्युटेड सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट हे त्याचं नाव. गटात थोडे इकडचे, थोडे तिकडचे. व्याख्यानं दोन्हीकडं एकाच वेळी. झाग्रेब म्हणजे न्यूयॉर्क-लंडन नव्हे हे लक्षात घ्या. क्रोएशिया तेव्हा युद्धातून बाहेर पडून दहा वर्षंही झाली नव्हती. त्यांनी श्रीमंत होण्याची वाट पाहिली नाही.

आणि २००५ साल. या वर्षी दोन गोष्टी झाल्या. गुगलनं समर ऑफ कोड सुरू केलं. विद्यार्थ्यानं घरी बसून जगातल्या एखाद्या खुल्या सॉफ्टवेअरवर काम करायचं, मार्गदर्शक दुसऱ्या देशातला, उन्हाळ्याच्या शेवटी मानधन. यात भारतातली पोरं भरपूर असतात. पण पहिल्या दहा वर्षांत एका विद्यापीठातून सगळ्यात जास्त पोरं गेली ती श्रीलंकेतल्या मोराटुवा विद्यापीठातून. आपल्यापेक्षा कितीतरी लहान देश.

दुसरी गोष्ट गिट. लिनक्सवाला लिनस टोरवाल्ड्स, ज्यानं १९९१ साली हेलसिंकीत विद्यार्थी असताना आपलं काम जगापुढं ठेवलं, त्याला २००५ साली अडचण आली. हजारो लोकांचं काम एकत्र ठेवायला तो जे सॉफ्टवेअर वापरत होता त्याची फुकट वापरायची सोय बंद झाली. मग एप्रिल महिन्यात काही दिवसांतच त्यानं स्वतःचं लिहून काढलं. गिट म्हणजे काय ते मला पुतण्यानं समजावलं, ते आपल्या भाषेत सांगतो. समजा पेढीची खतावणी एकाच शेठजीकडं न ठेवता प्रत्येक कारागिराच्या घरी तिची पूर्ण नक्कल आहे. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. प्रत्येक जण आपल्या घरी नोंद करतो, कुणी, कधी, काय बदललं ते नावासकट लिहिलं जातं, आणि मग सगळ्यांच्या वह्या जुळवल्या जातात. दोघांनी एकाच ओळीवर वेगवेगळं लिहिलं असेल तर वही तिथंच थांबते आणि म्हणते, आधी तुम्ही दोघं बोलून घ्या. कुणाचं किती काम हे लपत नाही. चौघांच्या सह्या आणि एकाचं काम हा प्रकार तिथं पहिल्या पानावर उघडा पडतो.

आता पुतण्याची गोष्ट. हा पुतणीचा मोठा भाऊ. २०२० च्या मार्चमध्ये कॉलेज बंद झालं आणि पोरं घरोघरी आली. प्रोजेक्टचा गट होता चौघांचा. हा हुपरीत, एक गडहिंग्लजला, एक शिरोळला, एक कणकवलीला. कोणी न ठरवता गट चार गावांत विखुरला. जे स्वीडनला मुद्दाम करावं लागलं ते आपल्याकडं आपोआप झालं, फक्त कसं करायचं ते कोणी सांगितलेलं नव्हतं.

प्रोजेक्ट पोरांनी चांगला निवडला होता, चांदीच्या मजुरीचा हिशेब ठेवणारं अ‍ॅप. गडहिंग्लजच्या पोरानं माल नोंदवायचा भाग लिहिला, शिरोळच्या पोरीनं मजुरी काढायचा. कणकवलीकर स्क्रीनची सजावट करत होता. हा सगळं जोडणार. महिनाभर प्रत्येक जण आपापल्या घरी खूष. रेंज नाही म्हणून गडहिंग्लजचा पोरगा माळावर जाऊन फाइल पाठवायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर. फाइलचं नाव फायनल, मग फायनल-दोन, मग एकदम-फायनल. सादरीकरणाच्या आदल्या रात्री यानं जोडणी केली आणि आईला दाखवायला लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात गेला. ७५० ग्रॅम माल, किलोला १२०० रुपये मजुरी धरलेली. स्क्रीनवर आकडा आला नऊ लाख.

आई बघतच राहिली. "येवढी मजुरी गावली असती तर तुझ्या काकाला पत्रकार कशाला होऊ दिला असता?"

झालं होतं असं की पोरगा वजन ग्रॅममध्ये पाठवत होता आणि पोरगी ते किलो समजून गुणत होती. मजुरी नऊशे रुपये व्हायला हवी होती. दोघांचं काम आपापल्या जागी बिनचूक. मधे कोणीच नव्हतं. आईनं विचारलं, "आरं, मालासंगं चिठ्ठी न्हवती व्हय?"

पोरं खजील झाली. पण त्यांना तरी का दोष द्यावा? १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचं एक यान मंगळापाशी पोचलं आणि नाहीसं झालं. मार्स क्लायमेट ऑर्बिटर त्याचं नाव. यान बांधणाऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर आकडे पौंडाच्या मापात देत होतं आणि दुसऱ्या गावात बसलेली नासाची माणसं ते न्यूटनच्या मापात आहेत असं धरून चालली होती. फरक जवळपास साडेचार पट. यानाची किंमत सुमारे साडेबारा कोटी डॉलर. चौकशीत हेही निघालं की दोन्हीकडच्या माणसांचं आपसात पुरेसं बोलणं नव्हतं. आपली हुपरी-शिरोळची पोरं नऊ लाखांवर सुटली म्हणायची.

त्या रात्री पोरांनी दुरुस्ती केली, सादरीकरण झालं, मार्कही बरे पडले. पण परीक्षकांनी काय विचारलं? छापील अहवाल किती पानांचा आहे, समास बरोबर सोडला आहे का, आणि एका भाषेची व्याख्या. ग्रॅम-किलोचा घोटाळा पोरांनी लपवला. वास्तविक त्या वर्षी ते जे काही शिकले त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच होती. ती सांगायला जागाच नव्हती, आणि सांगितली असती तर मार्क कमी झाले असते अशी त्यांना भीती.

माझं भांडण आहे ते इथं. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका कॉलेजचा नाही. आपल्याकडं प्रोजेक्टला मार्क मिळतात ते वस्तूला, आणि वस्तू विकत मिळते. मोठ्या शहरांत कॉलेजच्या आसपास फलक लागलेले असतात, तयार प्रोजेक्ट मिळेल, अहवालासकट. शेतकऱ्याचा पोरगा पाच-सात हजार मोजतो. बाप समजतो, शिक्षणाचाच खर्च. वस्तू कशी झाली याला मार्क असते तर ती विकत घेता आली नसती. कुणी कधी काय लिहिलं, कुठं अडलं, कुणी कुणाला काय कळवलं, वही जुळवताना भांडण कुठं झालं, याची नोंद आयती कशी विकत घेणार?

आपल्याकडं काहीच होत नाही असंही नाही. मुंबईच्या आयआयटीतल्या दीपक फाटक सरांनी एकलव्य नावानं उन्हाळी इंटर्नशिप चालवली. देशभरातल्या साध्यासुध्या कॉलेजांतली पोरं तिथं जाऊन गटात काम करून आली. फाटक सरांना २०१३ साली पद्मश्री मिळाली. तिथल्याच फॉसी प्रकल्पात तर घरबसल्या सहभागी होता येतं. पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं खुल्या सॉफ्टवेअरमध्ये लिहून पाठवायची, तिकडचे लोक तपासतात, चुका लिहून कळवतात, आपण दुरुस्त करायचं, मग ते सगळ्यांसाठी खुलं होतं आणि मानधनही मिळतं. तिथलेच स्पोकन ट्युटोरियल मराठीतून आहेत. पुण्याच्या सीओईपीत पोरांचा मुक्त सॉफ्टवेअरचा गट आहे. पण ही दारं ज्याला ठाऊक त्याला उघडी. ऐंशी पोरांच्या वर्गातल्या पासष्टाव्या हजेरी क्रमांकाला ती कोण दाखवणार?

नव्या शैक्षणिक धोरणात श्रेयांकांची बँक आली आहे. एका कॉलेजचे गुण दुसरीकडं चालतील. चांगलं आहे. म्हणजे गुण प्रवास करणार, पोरं मात्र एकत्र काम करणार नाहीत. इचलकरंजीच्या कॉलेजची दोन आणि नांदेडच्या कॉलेजची दोन पोरं मिळून एक प्रोजेक्ट करतील, आणि दोन्हीकडचे सर मिळून तपासतील, याला खर्च किती येईल? इमारत नको, यंत्रं नकोत. पोरांकडं मोबाइल आहे, गिट फुकट आहे. लागेल ती दोन सरांची इच्छा आणि विद्यापीठाचं एक परिपत्रक. भाषेचीही अडचण नाही. झाग्रेब आणि स्वीडनच्या पोरांना तिसऱ्याच भाषेत बोलावं लागतं. आपण दोन्हीकडं मराठीच. फार तर नांदेडकराला आपलं "काय लगा" कळायला आठवडा जाईल.

आयटी पार्क द्या म्हणून कोल्हापुरात आपण वर्षानुवर्षं ओरडतोय, मीही त्या बातम्या केल्यात. पार्क आलं तर आनंदच. पण कंपनी येताना बघणार काय, तर इथली पोरं लांबच्या माणसाबरोबर काम करू शकतात का. सात गल्ल्यांतून पैंजण फिरवणाऱ्या गावात हे कौशल्य नाही असं कोण म्हणेल? फक्त आपण ते घरी ठेवतो आणि कॉलेजात जाताना पोरांच्या दप्तरात घालत नाही. आणि आता घरातूनही जायला लागलंय. राजकोटची मशिनं आली तसा हातकामाचा माल कमी झाला. आईच्या वयाच्या बायका थांबल्या. चिठ्ठी का लिहायची ते सांगणारी माणसं थोडी राहिली.

पुतण्या आता पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या गटातले दोघं पोलंडला, एक हैदराबादला. आठवड्यातले दोन दिवस इथूनच काम करतो, माडीवर बसून. मी विचारलं, पहिल्या वर्षी जड काय गेलं? मला वाटलं इंग्रजी म्हणेल. तो म्हणाला, "काका, अडलंय हे लिहून सांगायला. मी तीन-तीन दिवस गप्प बसायचो, वाटायचं कमीपणा येईल. तिकडचा माणूस पहिल्या तासात लिहायचा, मला हे कळत नाहीये." हे त्याला कंपनीनं शिकवलं, सहा महिने घालवून. त्याच्याबरोबर लागलेल्या एकाला तेवढे सहा महिने मिळाले नाहीत, तो घरी आला.

पुतणीच्या गटाचं म्हणाल तर रविवारी चौघांना मी घरी जेवायला बोलावलं. झेरॉक्सवाला पोरगाही आला, स्वभावानं वाईट नाही, त्याला काय करायचं तेच माहीत नव्हतं. जेवण झाल्यावर आई मधोमध बसली. पुतण्यानं भिंतीला टेकून लॅपटॉप उघडला. दोन तासांत त्यांनी कोडची एक ओळही लिहिली नाही. एका कागदावर एवढंच लिहिलं, कोण कुणाला काय देणार, कधी देणार, कोणत्या मापात देणार. पहिली ओळ आईनं सांगितली आणि झेरॉक्सवाल्यानं आपल्या हातानं लिहिली. वजन ग्रॅममध्ये.